डीपासून सुरू होणारा शब्दकोश

कमळाकर रोकडेला शब्दकोश मिळाला तो रद्दीत, आणि तोही डीपासून सुरू होणारा.

खोपोलीत शिळफाट्याच्या अलीकडे एक कागदाची गिरणी होती. मुंबईहून ट्रक भरभरून रद्दीचे गठ्ठे तिथे येत. बायका ते फोडून पुठ्ठा एकीकडे, छापील कागद दुसरीकडे करत आणि मग सगळा माल लगद्याच्या हौदात जाई. कमळाकर त्या गिरणीच्या प्रयोगशाळेत पाणी तपासायचा. वय चोवीस, रसायनशास्त्राचा बी. एस्सी., राहणार कडाव. बॉयलरला जाणाऱ्या पाण्यात क्षार किती, हे दिवसातून चारदा पाहायचे आणि आकडा वहीत लिहायचा, एवढे त्याचे काम. आकडा दशांश चिन्हानंतर दोन घरांपर्यंत लिही असे कोणी सांगितले नव्हते, तरी तो लिहायचा.

चौऱ्याहत्तर सालच्या जुलैत गठ्ठे फोडणाऱ्या पारूने त्याला हाक मारली.

"सायेब, ह्ये तुमचं दिसतंय. लय बारीक अक्षर हाय."

पाठीचे कापड उसवलेला, ओलीने फुगलेला जाड ग्रंथ होता. इंग्रजी शब्द कुठून आले, त्यांचे मूळ काय, हे सांगणारा. ए, बी आणि सी ही तीन अक्षरे कोणीतरी फाडून नेली होती. कमळाकरने सुपरवायझरची परवानगी काढली, ग्रंथ वजन करून घेतला, किलोमागे ठरलेले पैसे भरले आणि प्रयोगशाळेतल्या ओव्हनवर तीन दिवस ठेवून वाळवला.

नाव कुठून आले याची चौकशी करायची त्याला खोडच होती. तो सहा वर्षांचा असताना वडिलांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि शाळेत जाऊन हजेरीपटावरचा 'कमळ्या' खोडायला लावून तिथे 'कमळाकर' लिहून घेतला. त्या दिवशी परतताना वडिलांनी वाटेत त्याला भजी खाऊ घातली होती. नावात काहीतरी असते, हे कमळाकरला तेव्हापासून पक्के ठाऊक होते.

आता त्याला रोज दुपारी डब्यानंतर नवे घबाड सापडू लागले. लेन्स म्हणजे मूळची मसूर, कारण तिचा आकार मसुरीच्या दाण्यासारखा! टर्बाइन म्हणजे भोवरा. ज्या शब्दांनी त्याने कॉलेजात गणिते सोडवली होती, ते सगळे आधी कुणाच्या तरी घरात, शेतात, अंगणात राहत होते. हे कुणाला तरी सांगावे असे त्याला फार वाटे. आणि सांगायला माणूस मिळाला तो बॉयलरवरचा नवशा ठाकर.

नवशा डोंगराखालच्या वाडीतला. चौदा वर्षांपूर्वी कोळशाच्या पाट्या वाहायला म्हणून आला आणि भट्टीपाशी रुळला. धुराचा रंग पाहून तो आतली आग सांगायचा. पंपाचा आवाज जरा बदलला, तर जेवणावरून उठायचा. पण त्याच्याजवळ बॉयलर चालवण्याचे सर्टिफिकेट नव्हते. आता मॅनेजरांनी नियम केला होता, की शिफ्टचा ताबा ज्याच्याकडे, त्याच्याजवळ सर्टिफिकेट हवेच. परीक्षा तोंडी होती, मराठीत होती. नवशा गेल्या साली तीत नापास झाला होता.

कसा, ते त्याचा जोडीदार चांगो ज्याला त्याला सांगत असे.

बॉयलरवाल्यांनी प्रत्येक भागाला आपले नाव ठेवले होते. पाणी ढकलणारा पंप खोकल्यासारखा आवाज करी, म्हणून तो 'म्हातारा'. पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी म्हणजे 'आरसा'. पाणी बॉयलरात शिरताना लागणारा एक ठेंगणा, जड व्हॉल्व्ह होता. तो कधी आवाज करत नसे, त्याला 'मुका' म्हणत. आणि वाफ जास्त झाली की शीळ घालून ती बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे 'ठमी'. ठमी ही चांगोची बायको. तिचा आवाज वाडीच्या वेशीवर ऐकू येई.

"परीक्षेत सायबानं इचारलं," चांगो सांगे, "वाफ लय वाढली तर काय हुईल? तर ह्यो म्हनतो, ठमी वरडंल. सायेब म्हनतो, ठमी कोन? ह्यो म्हनतो, चांगोची बायको!"

मग चांगो स्वतःच सगळ्यांत जास्त हसे. नवशाही हसे, पण जरा उशिरा.

ऑक्टोबरात परीक्षा पुन्हा होती, खालापूरला. मॅनेजरांनी सांगून टाकले होते, की या खेपेला पास झाला तर शिफ्ट नवशाची. नाही तर बाहेरून सर्टिफिकेटवाला माणूस येईल आणि नवशा परत कोळशाच्या यार्डात जाईल.

"पगार थोडा कमी हुईल, त्याचं काय नाय," नवशा कमळाकरला म्हणाला. "पन आग दुसऱ्याच्या हाती द्यायची आन् आपन भायेरनं धूर बगत बसायचा. त्ये नाय जमायचं मला."

"मी शिकवतो तुम्हाला, नवशादादा," कमळाकर म्हणाला. "नावंच तर शिकायची आहेत. काम तुम्हाला येतंच."

आणि तो दुसऱ्या दिवसापासून शब्दकोश काखेला मारून बॉयलरहाउसात जाऊ लागला.

"पिस्टन. इटलीतून आलेला शब्द, मूळ अर्थ कुटणारा. म्हणजे आपलं मुसळ."

नवशाने पंपाकडे पाहिले. "खरंच की. खालीवर खालीवर. आन् ज्यात कुटतो त्ये उखळ? त्याला काय म्हनायचं?"

"सिलिंडर."

"त्ये कुठनं आलं?"

कमळाकर ओशाळला. "सिलिंडर सीमध्ये येतो. ती पानं फाटलीत."

"बरं, म्होरं."

"नॉझल म्हणजे छोटं नाक. व्हॉल्व्ह म्हणजे दाराची फळी, दोन फळ्यांचं दार असतं ना, त्यातली एक. ही ग्रेट, ज्यावर कोळसा जळतो, ती म्हणजे मूळची कुडाची ताटी. विणलेली."

"आमच्या घराच्या भिंती तशाच हायेत, कारवीच्या."

"आणि हा इकॉनॉमायझर." कमळाकरचा आवाज इथे चढला, कारण हा त्याचा सर्वांत लाडका शब्द होता. "ग्रीक शब्द. घर चालवणारा माणूस. वाया जाणाऱ्या धुरावर हा पाणी तापवून घेतो, म्हणून."

"म्हंजे वैल की! चुलीवर भाकरी चालू असती, मागल्या वैलावर बाई पानी ठेवती. लाकूड तेच, काम दोन." नवशाने लोखंडी नळ्यांवर थाप मारली. "ही घरवाली हाय म्हना ना."

असे तीन आठवडे गेले. कमळाकर इतका खूश होता, की त्याचे पाण्याचे आकडेसुद्धा एकदा एकाच दशांशापर्यंत लिहिले गेले. मग सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याने खोटी परीक्षा घेतली. चांगो फावड्याला टेकून ऐकत उभा राहिला.

"हे काय आहे?"

"मुसळ," नवशा म्हणाला.

"नाव सांगा, नाव."

"मुसळच ना? इटलीतनं आलेलं."

"बरं, हे?"

"कुडाची ताटी."

"आणि हे?"

नवशाने डोके खाजवले. "घरवाली."

चांगोच्या हातातले फावडे खाली पडले. "अवो सायेब! माझी बायको काढलीत आन् ह्याची बसवलीत!"

कमळाकर हसला नाही. तो शब्दकोश घेऊन प्रयोगशाळेत आला आणि पाणी तपासायची ब्युरेट धूत बसला. ब्युरेट स्वच्छच होती. हिशेब अगदी उघड होता. नवशाजवळ प्रत्येक भागाला एक नाव होते. कमळाकरने त्याला दुसरे दिले, आणि परीक्षेला हवे होते ते तिसरेच. मुळांची गंमत आपल्याला होती, ती आपण मनसोक्त घेतली. यार्डात जायचे ते नवशाला. परीक्षेला सहा आठवडे उरले होते.

रविवारी तो वाडीवर गेला. माफी मागायची होती, पण ती कशी मागतात हे नीट ठाऊक नसल्याने त्याने अर्धा किलो साखर नेली.

नवशाची बायको सोमी अंगणात काकड्या चिरत होती. तिने साखर आत ठेवली, त्याच्यापुढे काकडी आणि मीठ ठेवले आणि त्याला नीट न्याहाळले.

"तुमीच का त्ये मास्तर? ह्यो रातीला झोपंत बी काय काय बडबडतो. नाकं, मुसळं. मी म्हनलं, आता मला कुटतो का काय!"

"चुकलं माझं, वहिनी. त्यांना नावं पाठ होत नाहीत, आणि मला पाठ करून घेता येत नाहीत."

"पाठ?" सोमीने विळी बाजूला सारली. "नावं पाठ करून कुनी रानात जातं काय? मी कंदाला जाते, तवा पयलं जांभळीचं पानी लागतं. मंग वाघाची घळ. मंग म्हातारीचा उतार. मला हितं बसवून इचाराल, तर एक बी धड नाय सांगायची. पाय निघालं की नाव पायाखाली येतं. वाटंवरनं उचलायचं आन् म्होरं जायचं."

कमळाकरने खिशातली पेन्सिल काढली आणि हे लिहून घेतले. सोमीला त्याचे फार हसू आले.

"लिवा, लिवा. मला बी मास्तरीन करा."

निघताना नवशा त्याला भाताच्या खाचरांमधून पोचवायला आला. भात कमरेइतका उभा होता. बांधाला पाणी काढून द्यायला एक तोंड ठेवले होते आणि त्यात मासे धरायचा बांबूचा सापळा बसवला होता. नवशाने तो वर काढला. आत चार-पाच मासे फडफडत होते. तसले सापळे कमळाकरने कडावच्या बांधांवर लहानपणापासून पाहिले होते, पण हा त्याने पहिल्यांदा हातात घेऊन पाहिला. तोंडाशी बांबूच्या बारीक काड्या आतल्या बाजूला वळवून बांधल्या होत्या. मासा आत येताना त्या बाजूला होतात. परत फिरला, की त्याच काड्या त्याच्या नाकावर मिटतात.

"मास्तर, आपला मुका हाय ना," नवशा म्हणाला, "त्याचं इंग्रजी काय म्हनालात?"

"चेक व्हॉल्व्ह. पण चेकचं मूळ मला सांगता येणार नाही. सी."

"पान फाटलंय." नवशाने सापळा पुन्हा पाण्यात बसवला आणि दोन बाजूंना दगड लावले. "मंग त्याचं पान ह्ये समजा."

सोमवारपासून पद्धत बदलली. कमळाकरने शब्दकोश प्रयोगशाळेतच ठेवला. रोज चार वाजता, शिफ्ट सुटली की दोघे गिरणीच्या पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभे राहत आणि तिथून पाण्याच्या मागोमाग चालू लागत. नवशा पुढे. ज्या भागापाशी पोचेल त्याला हात लावायचा आणि नाव घ्यायचे. टाकी. फीड पंप. आत पिस्टन. मग इकॉनॉमायझर. मग चेक व्हॉल्व्ह. बॉयलर. गेज ग्लास. सेफ्टी व्हॉल्व्ह. मागे वळून आगीची वाट धरायची. ग्रेट, फर्नेस, धूर नेणारा फ्लू, धूर अडवणारा डँपर, चिमणी. चुकले तर कमळाकर बोलत नसे. नवशा स्वतःच टाकीपाशी परत जाई आणि पुन्हा निघे. मुसळ, ताटी, वैल ही जुनी मुळे तोही विसरला नव्हता. वाटेवर खुणेची झाडे असतात, तशी ती त्याला उपयोगी पडत होती. पण तो आता झाडापाशी थांबत नसे.

पहिल्या आठवड्यात तो टाकीपाशी सात-सातदा परतला. चौथ्या आठवड्यात एकदाही नाही.

खालापूरच्या डाकबंगल्यात परीक्षा ठेवली होती. आसपासच्या कारखान्यांतले अकरा उमेदवार एस. टी.ने आले होते. कमळाकरने अर्धा दिवस रजा काढली होती. तो व्हरांड्यातल्या बाकावर उघड्या खिडकीखाली बसला. परीक्षक जाड भिंगांचा चष्मा लावणारे, साठीकडे झुकलेले गृहस्थ होते. त्यांच्यापुढे टेबल, टेबलावर कागद. बॉयलर नाही, पंप नाही, हात लावायला काही नाही. हे कमळाकरच्या आत्ता लक्षात आले. सहा आठवडे नवशाने प्रत्येक नाव हात लावून घेतले होते.

"नवशा गोमा ठाकर. सेफ्टी व्हॉल्व्ह कुठे असतो?"

आतून चपला घासल्याचा आवाज येऊ लागला. कमळाकरने खिडकीतून डोकावून पाहिले. नवशा खुर्चीवर ताठ बसला होता, पण टेबलाखाली त्याचे पाय एकामागून एक उचलत होते.

"पाय का हलवताय?" परीक्षकांनी विचारले.

"चालतोय सायेब. टाकीपासनं निघालोय. आत्ता पंपापाशी हाय."

परीक्षकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बरं. पोचलात की सांगा."

"पंप, पिस्टन, इकॉनॉमायझर, चेक व्हॉल्व्ह, बॉयलर, गेज ग्लास. पोचलो सायेब. बॉयलरच्या माथ्यावर हाय सेफ्टी व्हॉल्व्ह. वाफ ठरल्यापरीस वाढली की तो उघडतो."

कमळाकरने श्वास सोडला. ठमीचे नाव आले नव्हते.

"मधे चेक व्हॉल्व्ह म्हणालात. तो काय करतो?"

"त्याचं पान फाटलंय सायेब."

"काय?"

व्हरांड्यात कमळाकरने डोळे मिटून घेतले.

"म्हंजे पुस्तकातलं पान फाटलंय. पन त्येचं काम म्हाईत हाय मला." आणि नवशाने दोन्ही हात पुढे करून बोटे आतल्या बाजूला वळवली. "आमी खाचरात मासं धरायला सापळा लावतो. काड्या अशा आत वळलेल्या. मासा आत जातो, माघारी नाय फिरत. तसं पंपाचं पानी बॉयलरात जातं, माघारी नाय येत. आतल्या वाफंचा रेटा मोठा असतो. पंप थांबला आन् ह्यो व्हॉल्व्ह नसला, तर बॉयलरातलं पानी उलटं पंपाकडं पळंल."

"आणि काड्या मोडल्या तर? तुम्हाला कळणार कसं?"

"हातानं. पंपाजवळचा पाइप गार असतो. त्यो गरम लागाया लागला, की समजायचं मासा माघारी फिरला. गेज ग्लासात पानी उतरताना दिसंल. मग तिथला स्टॉप व्हॉल्व्ह बंद करायचा, दुसऱ्या वाटंनं पानी चालू करायचं आन् आग मंद करायची."

"काचेत पाणी दिसेनासंच झालं तर? भराभर पाणी घालाल?"

"नाय सायेब!" नवशाचा आवाज एवढा चढला, की बाकावरचे दुसरे उमेदवारही वळले. "तापल्या पत्र्यावर गार पानी? बॉयलर फुटंल. पानी नाय घालायचं. आग वढून काढायची आन् मानसं लांब करायची."

परीक्षकांनी काहीतरी लिहिले. मग चष्मा नाकावर घेत म्हणाले, "बारा वर्षं मी हा प्रश्न विचारतोय. सापळा पहिल्यांदा ऐकला. या तुम्ही."

नवशा उठला, दाराशी पोचला आणि परत वळला.

"सायेब, अजून चिमनीपतूर जायचं राह्यलंय."

"राहू द्या," परीक्षक म्हणाले. "चिमणी मला माहीत आहे."

सर्टिफिकेट नोव्हेंबरात टपालाने आले. मॅनेजरांनी ते काच लावून बॉयलरहाउसाच्या भिंतीवर टांगायला लावले आणि शिफ्ट नवशाच्या नावावर चढली. चांगोने खर्वसाच्या वड्या वाटल्या. ठमीनेच केल्या होत्या. ती स्वतः गिरणीच्या फाटकापर्यंत आली होती आणि आपल्या नावाचा व्हॉल्व्ह कुठे आहे तो दाखवा, असे वॉचमनला बजावत होती. तिचा आवाज प्रयोगशाळेपर्यंत आला.

कमळाकर त्यानंतर एका सुट्टीत मुंबईला मोठ्या वाचनालयात गेला आणि सीची पाने उघडून बसला. आधी चेक पाहिला. पाहून तो उगीचच इकडेतिकडे बघू लागला, कुणाला सांगावे म्हणून. शेजारी एक गृहस्थ पेपर उघडून झोपले होते.

सोमवारी त्याने नवशाला गाठले. "नवशादादा, मुक्याचं पान सापडलं. चेक म्हणजे बुद्धिबळातला शह. आपण शह म्हणतो ना, तोच! इराणातून तिकडे गेला आणि फिरत फिरत त्याचा चेक झाला. शह म्हणजे राजा. राजा अडवला, सांभाळ, असं सांगायचं."

"बुद्धिबळ आमाला नाय येत. वाघ-बकरी खेळतो."

"त्यात बकऱ्या वाघाची वाट अडवतात ना? तसंच."

नवशाने थोडा विचार केला. "बराबर हाय मग. पन सापळा बी बराबर हाय."

"सापळा जास्त बरोबर आहे," कमळाकर म्हणाला. तसे त्याला खरेच वाटत होते. शह दिला तरी राजा दुसऱ्या घरात सरकू शकतो. सापळ्यातला मासा नाही.

त्या दुपारी त्याने शब्दकोशाच्या आतल्या कोऱ्या पुठ्ठ्यावर, जिथून डी सुरू होत होता त्याच्या अलीकडे, बारीक अक्षरात लिहिले: 'चेक — मूळ: शह, फारसी. कार्य: नवशा ठाकर पाहावे.' आणि खाली सापळ्याची छोटी आकृती काढली, काड्यांचा कोन मोजून.

तेवढ्यात बॉयलरहाउसाच्या छपरावरून शीळ घुमली आणि पांढऱ्या वाफेचा झोत वर उडाला.

"चांगो! ठमी वरडली रं! डँपर घे खाली!" नवशाचा आवाज आला.

कमळाकर नमुन्याची बाटली घेऊन गेला तेव्हा वाफ थांबली होती आणि नवशा लॉगबुकापुढे वाकून उभा होता. चौथीपर्यंत शिकलेल्या, मोठ्या, सुट्या अक्षरांत त्याने लिहिले होते: 'दु. २ वा. १० मि. सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला. १२ मि. बंद झाला.' आणि खाली, शिफ्टचा ताबा ज्याच्याकडे त्याने करायची ती सही.